अकरा थेंबांचा खार

हेमकांत छगन पाटील यांना रसायनशास्त्र शिकवायला लागून अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि या अठ्ठावीस वर्षांत ते नेमकं काय करतात हे त्यांच्या तापीकाठच्या गावाला, प्रकाशाला, एकदाही कळलं नव्हतं. सुरुवातीला लोक त्यांच्याकडे कापसावरच्या अळीचं औषध विचारायला येत. मग केळीची पानं पिवळी पडली की ती घेऊन येत. हेमकांतसर चष्मा पुसत म्हणत, "हा माझा विषय नाही." एकदा एक जण पोटदुखी घेऊन आला. तीही त्यांचा विषय नव्हती. शेवटी गावाने त्यांचा नाद सोडला. माणूस स्वभावाने गरीब आहे, पोरांना शिकवतो, कुणाच्या अध्यातमध्यात नाही, एवढ्यावर प्रकरण मिटलं.

आता खरं सांगायचं तर सरांचा विषय होता पाला उकळणं. कुठल्यातरी झाडाची पानं आणायची, उकळायची, तो काढा चांदीच्या क्षारात ओतायचा, आणि त्याला चहासारखा रंग आला की चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार झाले असं जाहीर करून निबंध छापायचा. असे एकोणीस निबंध त्यांच्या नावावर होते. कडुनिंब झाला, करंज झाला, तुळस, पेरू, सीताफळ, रुई, सगळं झालं. पाला आणायचं काम प्रयोगशाळेतले परिचर खात्या वळवी यांचं. खात्याभाऊ मोलगीचे, सातपुड्यातलं एकूण एक झाड ओळखणारे. गेल्या दिवाळीनंतर ते सरांना म्हणाले होते, "सर, आता पानं संपली. पुढच्या वेळी दगड आणू का?"

सरांनी ते हसण्यावारी नेलं, पण बोल लागायचा तिथे लागलाच.

त्यात माघात कॉलेजच्या नव्या वेबसाइटसाठी एक कागद आला. प्रत्येकाने आपली माहिती भरायची. पहिला रकाना पार्श्वभूमीचा. तिथे सरांनी लिहिलं, "लहानपणापासून विज्ञानाची ओढ." हे वाचून त्यांची पत्नी कामिनी हसली, कारण खरी हकीकत तिला ठाऊक होती. बारावीनंतर छगन पाटील पोराला घेऊन कॉलेजात आले, तेव्हा बाकीचे सगळे विषय भरले होते. खिडकीतला कारकून म्हणाला, "केमिस्ट्रीमा एक जागा शे. बोला पटकन." छगनरावांना गावाची एसटी गाठायची होती. ते म्हणाले, "लिखी टाका." विज्ञानाची ओढ ती एवढी.

दुसरा रकाना होता व्यावसायिक आवडीचा. तिथे पाला बसला. तिसऱ्या रकान्यावर मात्र सर अडले. तिथे लिहिलं होतं, "आपल्या ज्ञानाचा समाजास झालेला उपयोग." खाली तीन टिंबांच्या ओळी. पाडव्यानंतर बढतीची समिती येणार होती आणि या वर्षी ती हा रकाना आधी बघणार होती. सर कागदोपत्री चार वर्षांपासून सहयोगी प्राध्यापक म्हणून अडकले होते. त्या तीन ओळी भरल्या की 'सहयोगी' गळून नुसतं प्राध्यापक उरणार होतं. गाव त्यांना पहिल्या दिवसापासून प्रोफेसरच म्हणत होतं, त्यामुळे गावाला त्यात काही नवं वाटलं नसतं. सरांना मात्र ते हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. "आईतवारले ये. एकलाच ये."

जमनाबाई एक्याऐंशी वर्षांच्या. अख्खी गल्ली त्यांना जमनामाय म्हणायची आणि वचकून असायची, त्याचं कारण खार. उडदाच्या पापडाला लागणारा खार या गल्लीत दुकानातून आणत नसत. तो जमनामाय करायच्या. केळीचे घड उतरले की मागे उरणारे खांब त्या वाळवायच्या, जाळायच्या, ती राख मडक्यात भिजवायची, वरचं नितळ पाणी काढून आटवायचं. एवढं कुणीही केलं असतं. पुढचं फक्त त्यांना जमायचं. ज्या घरी पापड असतील त्या घरची बाई पातेलं घेऊन यायची, जमनामाय करंगळी बुडवून जिभेला लावायच्या, टाळ्याला जीभ लावून टक्‌ असा आवाज काढायच्या आणि सांगायच्या, एक तांब्या पाणी घाल, किंवा दीड घाल. खार जास्त झाला तर पापड लाल आणि कडू. कमी झाला तर विस्तवावर फुलत नाही, चामड्यासारखा पडून राहतो. साठ वर्षांत जमनामायची जीभ चुकली नव्हती. लग्नाच्या पापडांना तारीख भटजींच्या आधी त्यांना विचारून धरत.

हेमकांतसर घरात शिरले तशी आई म्हणाली, "दार लाव."

त्यांनी लावलं.

"मन्ही जीभ गई, हेमू."

"कोठे गई?" सरांच्या तोंडून निघून गेलं. अठ्ठावीस वर्षं पोरांना शिकवलेल्या माणसाने असा प्रश्न विचारावा!

"दिवाईना तापमा गई. तवयपाईन मीठ, साखर, कारलं, बठ्ठं एकच लागस." या हंगामात त्यांनी दोन घरांचा खार अंदाजाने सांगितला होता आणि दोन्ही घरांचे पापड लाल झाले होते. त्या बायका काही बोलल्या नाहीत, उडीदच खराब निघाले म्हणाल्या. पण उडीद कसे होते ते जमनामायना ठाऊक होतं.

"डॉक्टरले दखाडं का?"

"दखाडं का गावले समजी जाई." मग डोळ्याला पदर लावत म्हणाल्या, "दात गये, डोया गये, मी काही म्हनं नही. पन लोके मन्हाकडे येतस ते जीभकरता. ती नही ते मी कोन?"

आईला असं बोलताना सरांनी कधी ऐकलं नव्हतं. वडील गेले तेव्हाही ती असं बोलली नव्हती. ते तिच्याजवळ सरकून बसले.

"तू इतला शिकेल शे," आई म्हणाली. "खारनं तुले काही समजस का?"

सरांनी सवयीने चष्मा काढला, पुसायला घेतला, आणि हात थांबला. अठ्ठावीस वर्षांत या गावाने विचारलेला हा पहिला प्रश्न होता जो त्यांचाच विषय होता. आम्ल आणि खार! पहिल्या वर्षाचा पहिला धडा!

"समजस," ते म्हणाले.

पण मोजायला आधी बरोबर काय ते माहीत हवं. आणि बरोबर म्हणजे काय हे फक्त आईच्या जिभेला माहीत होतं. जमनामायनी थोडा विचार केला, उठल्या, आणि कोनाड्यातून बूच घट्ट लावलेली एक बाटली काढली. "हाऊ मांगला सालना खार. आखाजीले उरना व्हता. तवय मन्ही जीभ व्हती."

अक्षय्य तृतीयेपासून जपलेली ती बाटली सरांनी दोन्ही हातांनी घेतली. प्रयोगशाळेत चांदीचा क्षार ते एवढ्या जपून धरत नसत.

पुढच्या रविवारी ते तयारीनिशी आले. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हाची डोळ्यांत घालायच्या औषधाची रिकामी बाटली घरात होती. ती धुऊन सरांनी तिच्यात लिंबूसताचं मोजून केलेलं पाणी भरलं. एक चमचा खार घेतला, त्यात चिमूटभर हळद टाकली. हळद कुंकवासारखी लाल झाली. मग बाटलीतून एकेक थेंब सोडत गेले. अकराव्या थेंबाला पाणी पुन्हा पिवळं झालं. त्यांनी दुसऱ्यांदा करून पाहिलं, अकरा. तिसऱ्यांदाही अकरा.

"तीन येळा अकराच उना," आई म्हणाली. "एकदाव देखीसन भागत नही का तुम्हनं?"

तर ठरलं असं. अकराच्या वर थेंब लागले तर खार तिखट, पाणी घालायचं. कमी लागले तर आटवायचा. पण हे सगळं बायकांच्या नजरेआड व्हायला हवं. मग जमनामायनी युक्ती काढली. कुणी पातेलं घेऊन आलं की त्या चमचाभर खार घ्यायच्या, "डोयामा औसद टाकीसन येस," म्हणून देवघरात जायच्या, देवापुढची हळद घ्यायच्या आणि थेंब मोजायच्या. बाहेर येऊन पूर्वीसारखीच करंगळी बुडवायची, जिभेला लावायची, टक्‌ करायचं आणि सांगायचं. आवाज इतका हुबेहूब यायचा की सरांनाही क्षणभर वाटायचं, जीभ परत आली.

दोनच आठवड्यांत याला एक फाटा फुटला. शेजारच्या तापीबाईने देवघरात डोकावून हळद लागलेला चमचा पाहिला आणि घरी जाऊन स्वतःच्या खाराच्या पातेल्याला हळदकुंकू वाहिलं. तिचं बघून दुसरीने वाहिलं. होळीपर्यंत गल्लीत खाराची पूजा सुरू झाली आणि ती पूर्वापार चालत आलेली आहे असं दोन-तीन सुना छातीठोकपणे सांगू लागल्या. आपण एका प्रथेचे जनक आहोत या विचाराने सरांना एसटीत एकट्यालाच हसू आलं. निबंध मात्र यावर छापता येणार नव्हता.

आणि मग तापीबाईचे पापड फुललेच नाहीत.

जमनामायनी तिच्या गच्चीवरून एक उचलून आणला होता. विस्तवावर धरला तर कडेने वळला आणि तसाच राहिला. पुढच्या घरीही तेच. चव कळत नसली तरी त्यांना दिसत होतं. "तुन्हा अकरा थेंब चुकनात," त्या सरांना म्हणाल्या. "तरी म्हनं, चांगला डॉक्टरकीले गया असता."

हे सरांना झोंबलं. सोमवारी त्यांनी खाराची बाटली कॉलेजात नेली. तीन दिवस ते पाल्याकडे फिरकले नाहीत. काचेच्या नळ्या लावून लिंबूसत तपासलं, हळद तपासली, चमचा वजन करून तपासला. सगळं चोख. खात्याभाऊ बाजूला नळ्या धूत उभे होते. सरांनी त्यांना शपथ घालून सगळी हकीकत सांगितली, कारण कुणाला तरी सांगणं भागच होतं. खात्याभाऊ म्हणाले, "सर, बाटली बघितली, चमचा बघितला. बाया बघितल्या का?"

सरांच्या डोक्यात ते शिरलं नाही. प्रयोगात बाया कुठून येणार?

गुरुवारी प्राचार्य नवलसिंग गिरासे यांनी बोलावलं. समोर सरांचा कागद होता. "पाटीलसर, तिसरा रकाना कोरा कसा? प्रयोगशाळेत तीन दिवस पापडखार चाललाय असं ऐकतो. आईंचा आहे म्हणे. अहो, घरची परंपरा आणि प्रयोगशाळा, समिती नुसती खूश होईल! दोन ओळी लिहा."

सरांनी तिथेच बसून पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या. वयोमानाने चव गेलेल्या एका वृद्धेसाठी खार मोजण्याची सोपी पद्धत शोधली, वगैरे. वाचायला फार छान वाटत होतं. मग त्यांच्या डोळ्यांपुढे गल्लीतल्या सुना आल्या, प्रत्येकीच्या हातात फोन, आणि फोनवर कॉलेजची वेबसाइट. त्यांनी खोडरबर मागितलं. ओळी खोडल्या आणि लिहिलं, "निरंक."

"निरंक?" गिरासेसर म्हणाले. "हा काय तलाठ्याचा दाखला आहे?"

"सध्या तेच खरं आहे, सर." एवढं बोलून ते उठले. घरी आल्यावर कामिनीने विचारलं, त्यांनी सांगितलं. तिने संध्याकाळी सासूला फोन केला हे सरांना माहीत नव्हतं.

रविवारी अनुसयाबाईंच्या घरी त्यांच्या लेकीच्या, सीमाच्या लग्नाचे पापड होते. अनुसयाबाई म्हणजे जमनामायच्या समोरच्या घरची सून, आता स्वतःच सासू व्हायला आलेली. वीस किलो उडदाचं पीठ, अंगणात वीस बायका, पोळपाट-लाटण्यांचा ढीग. पुरुषाला तिथे काही काम नसतं, तरी सर कोपऱ्यातल्या खाटेवर पेपर उघडून बसले. पेपर उलटा नव्हता एवढीच त्यांची हुशारी. या पापडांवर सगळं होतं. हे बिघडले असते तर पुन्हा कुणी पातेलं घेऊन जमनामायच्या दारात आलं नसतं.

जमनामाय औषध घालून आल्या. करंगळी बुडवली, टक्‌ केलं. "एक तांब्या पानी. बस." तेवढं पाणी ओतलं गेलं. त्या निवांत बसल्या. आणि पेपराच्या कडेवरून सरांनी पाहिलं, अनुसयाबाई पातेलं घेऊन पिठाच्या परातीकडे गेल्या, जमनामायकडे पाठ केली, आणि हळूच आणखी एक तांब्या पाणी ओतलं.

"वहिनी! थांबा!"

पेपर खाली पडला. वीस बायका वळून बघायला लागल्या.

"काय व्हयनं, भाऊ?"

सरांच्या लक्षात आलं की आता पुढे बोलता येणार नाही. "काही नही… पानी… जास्त…"

"भाऊ, खारमा तुमले काय समजस?" तापीबाई म्हणाली. "तुमनं काम पाला उकाडानं." हशा पिकला. "इतला शिकनात, पन एक पापड लाटता येत नही!" आणखी कुणीतरी म्हणालं. सर चष्मा काढून पुसत बसले. मान खाली घालून म्हणाले, "बरोबर शे. माले काय समजस."

जमनामायनी त्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात रोवून उठल्या.

"त्याले समजस," त्या म्हणाल्या. "माले समजत नही. मन्ही जीभ दिवाईपाईन गई. तुमना खार हाऊ मन्हा पोऱ्या मोजस." आणि सरांकडे वळून, "तुन्हा कागदवर लिखी टाक हाई. कोरा ठेवू नको."

लाटणी थांबली. सरांना काही दिसेना, चष्मा हातात होता म्हणून असेल.

अनुसयाबाईंनी तांब्या खाली ठेवला. "माय, आमले ठाऊक शे."

"कवयपाईन?"

"संक्रांतपाईन. मी चुकीसन चहामा मीठ टाकं व्हतं. तुमी दोन कप पिधा, वरथीन म्हने, मस्त व्हयना." त्यांना हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही होतं. "मंग दोन घरना पापड लाल व्हयनात, तवयपाईन आमी तुमना मांगे गपचूप एक तांब्या पानी टाकतस."

"मी ते दोन टाकं," तापीबाई पुटपुटली.

"मंग सांगं काबर नही?"

"तुमले वाईट वाटी, म्हनीसन."

जमनामाय बघत राहिल्या. लाल पापड झाल्यावर उडदाला दोष देणाऱ्या बायका, पापड चामडं झाले तरी हंगाम वाया घालवून गप्प बसलेल्या बायका. आधी त्यांच्या ओठांचा कोपरा हलला आणि मग त्या हसल्या, पदर तोंडाला न लावता, बोळकं उघडं टाकून. मग अंगणच हसायला लागलं. सरांना आता कुठे कळलं की खात्याभाऊंनी काय सांगितलं होतं.

डोळ्यांच्या औषधाची बाटली देवघरातून ओट्यावर आली. सरांनी चमच्यात खार घेतला, हळद टाकली, आणि वीस बायकांनी थेंब मोठ्याने मोजले. एक, दोन, तीन. नवव्यालाच पिवळं झालं. आटीव खार घातला, पुन्हा मोजलं. अकराव्या थेंबाला असा गलका झाला की रस्त्यावरची माणसं दारात येऊन उभी राहिली. हे जे काही होतं, ते सोमवारी सरांनी तीन ओळींत लिहिलं आणि गिरासेसरांनी ते दोनदा वाचलं. पण ती पुढची गोष्ट.

त्या दिवशी पीठ कुटून झालं, पहिला पापड लाटला गेला, विस्तवावर धरला. तो टम्म फुलला. पहिला पापड जमनामायकडे द्यायचा ही या गल्लीची रीत. अनुसयाबाई तो घेऊन आल्या आणि दोघांच्या मध्ये घुटमळल्या. कुणाला द्यावा?

जमनामायनीच तो घेतला. मोडला, आणि अर्धा सरांपुढे धरला. "चाख."

साठ वर्षं सगळ्या बायका जमनामायच्या तोंडाकडे बघत आल्या होत्या, आज त्या सरांच्या तोंडाकडे बघत होत्या. जमनामायही बघत होत्या. सरांनी एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. मग तिसरा, कारण सवय जात नाही. नकळत त्यांची जीभ टाळ्याला लागली आणि टक्‌ असा आवाज झाला.

"बरोबर शे," ते म्हणाले.

जमनामायनी उरलेला अर्धा तोंडात टाकला आणि दात नसलेल्या तोंडात बराच वेळ घोळवत राहिल्या.

"मंग मालेबी चांगला लागना," त्या म्हणाल्या.